किल्ल्यावरचं पाणी कसं राखायचं, हे ३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवणारे रामचंद्रपंत अमात्य

पावसाळा ओसरला की पुण्यातून दर शनिवार-रविवारी गाड्या सुटतात. कोणी सिंहगडाला, कोणी राजगडाला, कोणी तोरण्याला. दुपारपर्यंत बाटल्या रिकाम्या होतात आणि मग कातळात खोदलेलं एखादं टाकं दिसतं. पाणी थंड असतं, नितळ दिसतं. ग्रुपमधला एक जण हमखास सांगतो की हे महाराजांच्या काळातलं पाणी आहे, बिनधास्त प्या.

लोक पितात. आठ-दहा दिवसांनी त्यातल्या एक-दोघांचं पोट बिघडतं. पोट फुगतं, जुलाब थांबत नाहीत, वजन उतरतं. तोवर ट्रेक विसरलेला असतो, त्यामुळे सगळा दोष कालच्या वडापावावर जातो.

गंमत म्हणजे ज्या काळाचा हवाला देऊन हे पाणी प्यायलं जातं, त्या काळातला एक मोठा मंत्री गडावरच्या पाण्याबाबत अजिबात बिनधास्त नव्हता. पाणी किती हवं, कुठं साठवायचं, कशाला हात लावायचा नाही, गडावर केर कुठं टाकायचा, हे सगळं त्यानं लिहून ठेवलं. त्यांचं नाव रामचंद्र नीळकंठ. इतिहासात ते रामचंद्रपंत अमात्य म्हणून ओळखले जातात.

हिशेब बघणाऱ्या घरातला मुलगा

रामचंद्रपंतांचा जन्म साधारण १६५० चा मानला जातो. वडील निळो सोनदेव हे शिवरायांच्या सुरुवातीच्या काळातले मुजुमदार. मुजुमदार म्हणजे राज्याचा जमाखर्च बघणारा अधिकारी. स्वराज्य अजून लहान होतं, पैसा कमी होता आणि किल्ले वाढत होते. अशा वेळी कुठल्या गडावर किती धान्य, किती दारूगोळा, किती माणसं, याचा हिशेब चुकला तर गड जायचा. रामचंद्रपंत या वातावरणात मोठे झाले.

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. मुजुमदार या पदाला अमात्य हे नवं नाव मिळालं आणि अष्टप्रधानांत त्या पदावर रामचंद्रपंत होते. तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आसपास होतं. आज त्या वयात मुलं पहिल्या नोकरीत स्थिरावत असतात, आणि हे राज्याचा खजिना सांभाळत होते.

त्या काळी किल्ल्याचा कारभार एका माणसाच्या हातात नसायचा. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असायचे. हवालदाराकडे गडाचा ताबा, सबनिसाकडे लिखापढी आणि कारखानिसाकडे कोठारं. एक माणूस फितला तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा विचार. अमात्य म्हणून रामचंद्रपंतांना ही व्यवस्था आतून माहीत होती, आणि पुढे त्यांनी जे लिहिलं त्यात ती जागोजागी दिसते.

त्याच वर्षी हॉलंडमध्ये काय घडलं?

१६८१ च्या जानेवारीत रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी युरोपात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेवेनहूक नावाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानं एक विचित्र काम केलं. त्याला भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा नाद होता. पोट बिघडलेलं असताना त्यानं स्वतःचीच विष्ठा भिंगाखाली ठेवली आणि त्यात वळवळणारे बारीक जीव पाहिले.

तो जीव म्हणजे आज आपण ज्याला जिआर्डिया म्हणतो तो परजीवी होता, असं मानलं जातं. जगभरात जंगलात आणि डोंगरात फिरणाऱ्यांचं पोट बिघडवणाऱ्या जिवांत याचं नाव सगळ्यात वरचं आहे.

म्हणजे रामचंद्रपंतांच्या हयातीतच हा जीव दिसला होता. पण तो रोग पसरवतो आणि पाण्यातून पसरतो, हे कळायला पुढची दोन-अडीचशे वर्षं गेली. रामचंद्रपंतांना जंतू माहीत नव्हते. त्यांना गड माहीत होते, वेढे माहीत होते आणि पाणी संपलं की काय होतं हे माहीत होतं.

राजा जिंजीला, राज्य पंतांच्या हाती

१६८९ हे मराठ्यांच्या इतिहासातलं सगळ्यात वाईट वर्ष. फेब्रुवारीत संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. वर्ष संपायच्या आत रायगडही पडला. राजाराम महाराज निसटून दक्षिणेत, आजच्या तामिळनाडूतल्या जिंजीला गेले.

जाताना मागे राहिलेल्या मुलखाचा कारभार त्यांनी रामचंद्रपंतांकडे सोपवला आणि त्यांना हुकूमतपन्हा हा किताब दिला. याचा सरळ अर्थ असा, की राजा शेकडो मैल दूर असताना इथला निर्णय पंत घेतील आणि तो राजाचाच समजला जाईल.

सोबतीला शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक होते. मैदानात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव होते. समोर औरंगजेब होता. त्याच्याकडे माणसं आणि पैसा दोन्ही कितीतरी पट जास्त. राजाराम महाराज १६९८ च्या सुरुवातीला परत आले. तोवर जवळपास नऊ वर्षं पंतांनी विशाळगड, पन्हाळा या भागातून कारभार रेटला.

या काळात सरदारांना टिकवून धरायला वतनं द्यावी लागली. शिवरायांच्या धोरणाला ही मोठी मुरड होती. पुढे पंतांनी जे लिहिलं, त्यात वतनदारांपासून सावध राहायला सांगितलं आहे. वतनाचं राजकारण त्यांनी स्वतः जवळून पाहिलं होतं.

औरंगजेब गडामागून गड

मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली. औरंगजेबानं ठरवलं होतं की आता गड घ्यायचे. सातारा १७०० मध्ये गेला, पन्हाळा १७०१ मध्ये, विशाळगड १७०२ मध्ये. पुण्याजवळचा सिंहगड १७०३ मध्ये, राजगड आणि तोरणा १७०४ मध्ये.

यादी वाचून वाटतं की मराठे हरत होते. प्रत्यक्षात एकेका गडासाठी बादशहाचे महिनेच्या महिने जात होते. गडावरचे लोक शक्य तितकं लढवायचे, पावसाळा तोंडावर आला की बऱ्याचदा पैसे घेऊन गड सोडायचे आणि फौज दुसरीकडे वळली की गड परत घ्यायचे. विशाळगड घेऊन परतणाऱ्या मुघल फौजेचे तर १७०२ च्या पावसात अतोनात हाल झाले.

हे सगळं कशावर चालत होतं? धान्य, दारूगोळा आणि पाणी. पहिल्या दोन गोष्टी रात्री-अपरात्री वर चढवता येतात. शेकडो माणसांना पुरेल इतकं पाणी डोक्यावरून नेता येत नाही. ते वरच असावं लागतं.

आज्ञापत्रात पाण्याबद्दल काय आहे?

१७०७ मध्ये औरंगजेब वारला. शाहू महाराज सुटून आले आणि घराण्यात वारसाचा वाद पेटला. पंत ताराबाईंच्या म्हणजे कोल्हापूरच्या बाजूला राहिले. १७१४ मध्ये कोल्हापुरात सत्तापालट होऊन राजाराम महाराजांचे दुसरे पुत्र संभाजी गादीवर आले. शिवरायांपासून मोजलं तर पंतांच्या डोळ्यांसमोरचे हे पाचवे छत्रपती.

याच संभाजीराजांच्या नावानं १७१५ मध्ये आज्ञापत्र तयार झालं. राज्य कसं चालवावं याचा हा ग्रंथ, आणि त्याचे कर्ते म्हणून रामचंद्रपंत ओळखले जातात. त्यात राजा, प्रधान, वतनदार, आरमार असे सगळे विषय आहेत. समुद्रावरून आलेल्या टोपीकर व्यापाऱ्यांना किनाऱ्यावर जागा देऊ नका, असाही इशारा आहे. यातलं गडकोटांचं प्रकरण ट्रेकिंग करणाऱ्या प्रत्येकानं वाचावं असं आहे.

त्यातला पाण्याचा भाग थोडक्यात असा:

१. गड बांधायच्या आधी पाणी बघा. पाणी असेल तिथंच गड बांधा.

२. पाणी नसलेली जागा मोक्याची असेल आणि बांधणं भागच असेल, तर आधी खडक फोडून तळी आणि टाकी करा. पुढचा पाऊस येईपर्यंत सगळ्या गडाला पुरेल एवढं पाणी त्यात मावलं पाहिजे.

३. गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लढाईत तोफांच्या दणक्यानं झरे आटतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो.

४. म्हणून दोन-चार टाकी राखीव ठेवा. त्यातलं पाणी एरवी खर्चू देऊ नका.

५. गडाचं पाणी नीट जपा.

याच प्रकरणात केराबद्दलही नियम आहे. गडावरच्या वाटांवर, बाजारात, तटाजवळ कचरा पडू द्यायचा नाही. तो गडाखाली ढकलायचाही नाही. जागच्या जागी जाळायचा आणि राख परसात टाकून त्यावर भाजीपाला करायचा.

पंतांचा हेतू गड लढता ठेवणं हा होता, पण याचा परिणाम आरोग्यावरही व्हायचा. टाक्याच्या वरच्या अंगाला घाण नसेल, तर पावसाबरोबर ती टाक्यात येत नाही.

टाकं काम कसं करतं?

सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, पाणी सहसा जिरू देत नाही. त्यात खोल खड्डा खोदला की पावसाचं पाणी वर्षभर टिकतं. अनेक ठिकाणी टाक्याचं तोंड लहान आणि पोट मोठं असतं. छताला आधार म्हणून कातळातच खांब सोडलेले असतात. ऊन आत जात नाही, त्यामुळे पाणी कमी उडतं, गार राहतं आणि शेवाळही कमी धरतं. काही गडांवर टाकी ओळीनं असतात. पहिलं भरलं की पाणी दुसऱ्यात जातं आणि गाळ मागे राहतो.

रचना उत्तम आहे, पण ती गाळ थांबवते, रोग नाही. शिवाय ती चालायची कारण गडावर माणसं राहत होती. ती टाक्याची राखण करायची, गाळ काढायची, केर उचलायची. आज बहुतेक गडांवर रात्री मुक्कामाला ट्रेकर असतात, दिवसा गुरं, कुत्री आणि माकडं. शौचालयं पुरेशी नाहीत. लोक आडोसा शोधतात आणि तो बऱ्याचदा टाक्याच्या वरच्या उतारावर असतो. पहिल्या पावसात ते सगळं खाली येतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात राजगड, लोहगड, शिवनेरी आहेत, पंतांचा पन्हाळा आहे आणि जिंजीही आहे. गडांवरची गर्दी वाढणार आहे, टाकी मात्र तेवढीच राहणार आहेत.

नारूची गोष्ट

पाणी राखलं नाही तर काय होतं, हे महाराष्ट्रानं नारूच्या रूपात पाहिलं आहे. आजी-आजोबांना विचारा, त्यांना हे नाव माहीत असेल.

नारूचा जंत शरीरात साधारण वर्षभर वाढतो. मादी जवळपास मीटरभर लांब होऊ शकते. मग पायाला फोड येतो, आग होते. माणूस गारवा मिळावा म्हणून पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवतो आणि त्याच क्षणी मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडते. ती पिल्लं पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक किडा खातो. तो किडा दुसऱ्या कोणाच्या पोटात पाण्यासोबत गेला की चक्र पुन्हा सुरू.

हा किडा या चक्रातला दुवा आहे, हे १८७० मध्ये फेदचेन्को या रशियन शास्त्रज्ञानं शोधलं. नारूवर लस नाही, जंत मारणारं औषधही नाही. तरी भारतातून तो गेला. १९८३-८४ च्या सुमारास देशभर मोहीम सुरू झाली. लोकांना पाणी कापडातून गाळून प्यायला शिकवलं गेलं, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करून वरून पाणी काढायची सोय केली गेली. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं जाहीर केलं.

थोडक्यात, पाण्यात माणसाचा पाय जाऊ दिला नाही आणि रोग संपला.

मग कापडातून गाळून प्यायलं तर चालेल?

नाही. इथंच बहुतेकांची गफलत होते. सायक्लॉप्स साधारण एक मिलिमीटरचा असतो, तो कापडात अडकतो. जिआर्डियाची गाठ, ज्याला सिस्ट म्हणतात, ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते. आमांश करणाऱ्या अमिबाची सिस्टही तशीच बारीक. क्रिप्टोस्पोरिडियम त्याहून निम्म्या आकाराचा. हे सगळे रुमालातून, ओढणीतून, चहाच्या गाळणीतून आरामात जातात. जिआर्डियाच्या दहा-बारा सिस्टसुद्धा आजारी पाडायला पुऱ्या असतात आणि गार पाण्यात त्या आठवडेच्या आठवडे तग धरतात. तुरटी किंवा निवळीच्या बिया फिरवल्या की पाणी स्वच्छ दिसतं, पण सुरक्षित होईलच असं नाही. लिंबू पिळूनही काही होत नाही.

मग करायचं काय?

सगळ्यात सोपं म्हणजे घरून पुरेसं पाणी न्यायचं आणि टाकं राखीव समजायचं. पाणी घ्यायचीच वेळ आली तर उकळा. बुडबुडे जोरात येऊ लागल्यावर पूर्ण एक मिनिट. दोन हजार मीटरच्या वर हा वेळ तीन मिनिटं होतो, पण महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्यामुळे सह्याद्रीत एक मिनिट पुरतं.

उकळणं शक्य नसेल तर ट्रेकिंगचा फिल्टर घ्या आणि त्याची छिद्रं एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक आहेत ना, हे बघा. क्लोरीनच्या गोळ्या जंतूंवर चांगल्या चालतात, जिआर्डियाला जास्त वेळ लागतो, क्रिप्टोस्पोरिडियम मात्र दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात प्रक्रिया केलेल्या नळाच्या पाण्यातून तो घराघरांत गेला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. त्यामुळे गोळी टाकायची तर गढूळ पाणी आधी गाळून घ्या, पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा आणि फक्त गोळीवर विसंबू नका.

टाक्यात पाय, हात, उष्टी भांडी बुडवू नका. शौचाला पाण्यापासून किमान ६० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला जा, खड्डा करा, बुजवा.

ट्रेकनंतर दोन-तीन आठवड्यांत पोट बिघडलं आणि आठवडाभर थांबलं नाही, रक्त पडलं किंवा ताप आला, तर डॉक्टरकडे जा. कुठल्या टाक्याचं पाणी प्यायलं होतं, ते आवर्जून सांगा. साधी शौचाची तपासणी बऱ्याचदा उत्तर देते आणि यातल्या बहुतेक परजीवींवर औषधं आहेत. तोवर ओआरएस घेत राहा.

आणि हा प्रश्न फक्त गडमाथ्याचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगडाच्याच वाटेवरच्या सिंहगड रोड परिसरात गिलियन बारे सिंड्रोमची साथ आली. तिथं परजीवी नव्हता, रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, आणि संशय पुन्हा दूषित पाण्यावरच गेला. नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी, हा समज शहरातही महागात पडतो.

पंतांचा शेवट

आज्ञापत्र तयार झाल्यावर लगेचच, १७१६ मध्ये रामचंद्रपंत पन्हाळ्यावर वारले. त्यांची समाधी तिथंच आहे. त्यांचं घराणं पुढे बावडेकर पंत अमात्य म्हणून ओळखलं गेलं, ते गगनबावड्याच्या जहागिरीमुळे.

पंतांनी तलवार गाजवल्याच्या गोष्टी फारशा सांगितल्या जात नाहीत. म्हणूनच असेल, पण त्यांच्यावर सिनेमे आले नाहीत आणि रीलही कमीच दिसतात. त्यांचं काम होतं धान्य मोजणं, माणसं टिकवणं आणि टाकी भरलेली ठेवणं. पन्हाळ्याला गेलात तर समाधीपाशी जाऊन या. पाण्याची बाटली मात्र खालूनच भरून न्या.